जुनं आऊटबोर्ड इंजिन रडतखडत चालतंय? पार्ट बदलण्याआधी या क्रमाने तपासा

होडीच्या मागच्या फळीवर लटकवलेलं इंजिन म्हणजे आऊटबोर्ड. मालवण, तारकर्ली, देवबागला गेला असाल तर पाहिलंच असेल. मासेमारीच्या छोट्या होड्या असोत, की पर्यटकांना फिरवणाऱ्या, त्यांच्या मागे यामाहा, सुझुकी, टोहात्सु अशा कंपन्यांची इंजिनं दिसतात. त्यातली बरीच जुनी टू-स्ट्रोक आहेत, आणि नीट ठेवली तर वर्षानुवर्षं चालतात.

अडचण येते ती ‘नीट चालत नाही’ म्हणजे नेमकं काय, हे ठरवताना. पूर्ण बंद पडलेलं इंजिन त्या मानाने सोपं. सुरू होतं, थोडं चालतं, मग दम टाकतं, अशा इंजिनाचं कारण शोधणं जास्त कठीण. आणि इथे वेळ कमी असतो. बाईक रस्त्यात बंद पडली तर ढकलत नेता येते. होडी खडकांजवळ बंद पडली तर पुढे कुठे जायचं हे वारा आणि भरती-ओहोटी ठरवते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, इंजिन दुरुस्ती हा माझा धंदा नाही. पण मामाच्या होडीवरचं २५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन पावसाळ्यानंतर असंच वागायला लागलं. एका मेकॅनिकने न उघडताच ‘कार्बोरेटर गेला, नवीन टाका’ असं सांगितलं. सीझन सुरू झालेला, आणि नवीन कार्बोरेटर म्हणजे चांगलाच खर्च. म्हणून आम्ही ठरवलं, आधी शोधू आणि मग पैसे घालू. या लेखात तोच क्रम दिला आहे. यात सगळीकडे एकच नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक तपासणीनंतर संशयितांची यादी लहान झाली पाहिजे.

पायरी ० : लक्षण लिहून काढा

‘काल तर बरा चलत होता रे!’ हे मामाचं पहिलं वाक्य. यातून काहीच कळत नाही. त्यामुळे फोनमध्ये नोट उघडा आणि या प्रश्नांची उत्तरं लिहा:

- थंड असताना त्रास देतं की गरम झाल्यावर?
- स्लो असताना बंद पडतं की रेस दिल्यावर?
- एकदम बंद पडतं की हळूहळू दम सोडतं?
- आवाज वाढतो पण होडी पुढे जात नाही, असं होतं का?
- शेवटचं नीट कधी चाललं, आणि त्यानंतर काय बदललं?

स्विच बंद केल्यासारखं एकदम गप्प झालं तर संशय आधी स्पार्कवर. खोकत, अडखळत बंद पडलं तर पेट्रोलवर. दहा-पंधरा मिनिटं नीट चालून गरम झाल्यावरच त्रास देत असेल तर पाण्याचं कूलिंग किंवा गरम झाल्यावर कमजोर होणारी कॉईल. हे शंभर टक्के खरं ठरेल असं नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

मामाच्या इंजिनाची नोंद अशी होती: पटकन सुरू होतं, स्लो छान चालतं, अर्ध्याच्या वर रेस दिली की पाचेक मिनिटांनी हळूहळू दम सोडतं, थोडा वेळ थांबलं की परत चालतं.

पायरी १ : फुकटच्या गोष्टी

किल स्विचची क्लिप नीट बसली आहे का? पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडला आहे का? हा स्क्रू बंद राहिला तर पेट्रोल ओढलं जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि काही मिनिटांनी पेट्रोल येणं थांबतं. पाइपची दोन्ही टोकं घट्ट बसली आहेत का? टोकांमधल्या रबरी रिंगला चीर असेल तर तिथून हवा शिरते.

पंख्याकडेही बघा. जाळ्याचा तुकडा किंवा मासेमारीची नायलॉनची दोरी शाफ्टला गुंडाळली गेली की इंजिनावर ताण येतो, आणि तीच दोरी आतलं सील कापते. गिअरचं ऑईल दुधाळ झालं असेल तर पाणी आत शिरलं आहे, असं समजा.

इंजिन जोरात ओरडतंय आणि होडी जागच्या जागी असेल, तर दोष पंख्यात असू शकतो. पंख्याच्या मध्यभागी रबराचा बुश असतो, तो सुटला की शाफ्ट फिरतो आणि पंखा मागे राहतो. मधल्या भागावरून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा आणि होडी चालवून या. रेघ तुटलेली दिसली तर बुश गेला, इंजिनाला हात लावायची गरज नाही.

पायरी २ : पेट्रोल डोळ्यांनी बघा

टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवून द्या. खाली वेगळा थर दिसला तर त्यात पाणी आहे.

हे आजकाल जास्त महत्त्वाचं झालंय. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर काढलेली असते. अर्धी भरलेली टाकी कोकणातल्या दमट हवेत दोन महिने पडून राहते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. टाकीतला पाइप नेमका तळातून ओढतो. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑईलमधून मिळतं, आणि ते ऑईल वरच्या थरात राहतं. म्हणजे खालचा थर ओढणारं इंजिन वंगणाशिवाय चालतं. अडखळणं ही तेव्हा किरकोळ गोष्ट, पिस्टन जाम होण्याची भीती असते.

असं पेट्रोल सापडलं तर सगळं काढून टाका, टाकी धुऊन वाळवा, नवीन भरा. बऱ्याच टू-स्ट्रोक आऊटबोर्डना ५०:१ मिश्रण लागतं, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिली ऑईल. काही जुन्या मॉडेलना जास्त लागतं, त्यामुळे आपल्या मॉडेलचं प्रमाण मॅन्युअलमध्ये बघा. ऑईल घेताना डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू ३’ असा दर्जा असलेलं घ्या. जुन्या स्कूटरला घालायचं टू-टी ऑईल हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं, आऊटबोर्डला ते चालत नाही.

पायरी ३ : रबरी फुग्याची तपासणी

टाकी आणि इंजिन यांच्यामधल्या पाइपवर एक रबरी फुगा असतो, त्याला प्रायमर बल्ब म्हणतात. सुरू करण्याआधी तो दाबून पेट्रोल पुढे ढकलायचं असतं. हाच फुगा तपासणीचं सगळ्यात स्वस्त साधन आहे.

इंजिन दम सोडायला लागलं की कोणाला तरी सुकाणू धरायला सांगा आणि फुग्याकडे बघा.

- फुगा चपटा होऊन आत ओढला गेला असेल, तर टाकीच्या बाजूला अडथळा आहे: हवेचा स्क्रू, टाकीतली जाळी किंवा फुग्याआधीचा पाइप.
- फुगा नेहमीसारखा आहे, पण दाबत राहिल्यावर इंजिन परत जोर धरतं, तर इंजिनावरचा पेट्रोल पंप कमजोर आहे किंवा पाइपमध्ये कुठून तरी हवा शिरतेय.
- सुरू करण्याआधी कितीही दाबला तरी फुगा कडक होत नाही, तर त्याच्या आतल्या झडपा गेल्यात, कुठेतरी गळती आहे, किंवा कार्बोरेटरची सुई नीट बसत नाही.
- दाबून काहीच फरक पडत नाही, तर पेट्रोल पोहोचतंय असं धरून स्पार्क आणि कॉम्प्रेशनकडे जा.

एका मिनिटात निम्मी यादी बाद होते.

पायरी ४ : प्लग काय सांगतो

इंजिन बंद करून, थंड झाल्यावर प्लग काढा आणि कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा याचा फोटो काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा स्पार्क कमी आहे. पांढरं, भाजल्यासारखं असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन जास्त तापतंय. अशा इंजिनाला फुल रेस देऊ नका.

प्लगवरचा नंबरही वाचा. उदाहरणार्थ, एनजीकेच्या ‘बी७एचएस-१०’ मध्ये ७ हा उष्णतेचा दर्जा आहे. एनजीकेमध्ये हा आकडा वाढला की प्लग जास्त ‘थंड’. शेवटचा १० म्हणजे फट १.० मिलिमीटर. दुकानात ‘तसाच दिसणारा’ प्लग मिळाला तरी नंबर वेगळा असेल तर घेऊ नका.

स्पार्क बघण्यासाठी स्पार्क टेस्टर वापरा. तो नसेल तर प्लग केबलला लावून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या बॉडीला नीट टेकवा आणि दोरी ओढा. आजूबाजूला सांडलेलं पेट्रोल किंवा उघडी टाकी नको. केबल मोकळी लटकत ठेवून दोरी ओढू नका. चांगलाच झटका बसू शकतो आणि इग्निशनचं युनिट जळू शकतं.

एकाच सिलिंडरला त्रास असेल तर अदलाबदल करून बघा. दोन्ही प्लग एकमेकांच्या जागी लावा. दोष प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला तर प्लग खराब. तिथेच राहिला तर प्लग निर्दोष. दोन वेगळ्या कॉईल असतील तर त्यांचंही असंच करा. आम्ही कोडमधला बग शोधताना हेच करतो, आणि यात एक रुपयाही लागत नाही.

पायरी ५ : कॉम्प्रेशन, तेही कार्बोरेटरच्या आधी

प्लग काढलेच आहेत तर कॉम्प्रेशन गेज लावून घ्या. दोन्ही प्लग काढलेले, केबल बॉडीला जोडलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडं, आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी चार-पाच वेळा ओढायची. नेमका आकडा मॉडेलनुसार बदलतो. बघायचा तो दोन सिलिंडरमधला फरक. साधारण १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. एकाचा आकडा बराच खाली असेल तर पिस्टन रिंग, सिलिंडर किंवा हेड गॅस्केटचं काम आहे.

अशा इंजिनाला सोन्याचा कार्बोरेटर बसवला तरी ते नीट चालणार नाही. म्हणून ही दहा मिनिटांची तपासणी कुठलाही महाग पार्ट घेण्याआधी करायची. मामाच्या इंजिनात दोन्ही आकडे जवळपास सारखे आले. इंजिनाचा जीव शाबूत होता, म्हणजे त्यावर खर्च करण्यात अर्थ होता.

पायरी ६ : आता कार्बोरेटर

कार्बोरेटर आधी दोष द्यायला सोयीचा असतो, आणि तो खराब नसतो असंही नाही. पडून राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर सोडतं. स्लोसाठीचा जेट म्हणजे केसाएवढं भोक, तो सगळ्यात आधी बुजतो. खूण अशी: रेस दिली की चालतं, स्लोला मरतं.

उघडण्याआधी चोकची तपासणी करा. चालू इंजिनाला किंचित चोक दिल्यावर चाल सुधारली, तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. म्हणजे जेट बुजलाय, पेट्रोल कमी येतंय किंवा गॅस्केटमधून जादा हवा शिरतेय. चोकने आणखी बिघडलं तर बहुतेक पेट्रोल पुरेसं आहे किंवा जास्त आहे.

उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी हलकेच पूर्ण आत फिरवा, किती फेरे झाले ते मोजून लिहा, मग काढा. जेट कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करा. तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट बाद.

पायरी ७ : पाण्याची धार

इंजिन चालू असताना बाजूने पाण्याची बारीक धार बाहेर पडते. समुद्राचं पाणी आत फिरून इंजिन थंड करतंय, याची ती खूण. धार नाही किंवा एकदम बारीक झाली तर इंजिन ताबडतोब बंद करा. आधी धारेचं भोक पातळ तारेने मोकळं करून बघा. इथे तार चालते, मीठ आणि वाळू अडकलेली असते. तरीही धार आली नाही तर खालच्या पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर झिजलेलं असू शकतं, किंवा आतले मार्ग मिठाने भरलेत.

किनाऱ्यावर तपासायचं असेल तर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून चालवा. पंखा आधी काढून ठेवा आणि पाणी शोषणाऱ्या जाळीच्या बरंच वर पाणी असू द्या. ‘फक्त दोन सेकंद’ म्हणून कोरडं चालवलं तरी रबराचं नुकसान होतं.

फोनने सिलिंडर मोजा

दोन सिलिंडरमधला एक गप्प आहे का, हे फोनच्या माईकवर ऐकता येतं. फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत ॲप आहे. त्यात आवाजाचा स्पेक्ट्रम दिसतो.

टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दर फेऱ्याला एकदा पेटतो. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेरे. दोन सिलिंडर म्हणजे सेकंदाला १०० स्फोट. म्हणून १०० हर्ट्झला ठळक रेघ दिसायला हवी. एक सिलिंडर पेटत नसेल तर ५० हर्ट्झची रेघ वर येते. सूत्र सोपं आहे: आरपीएम = हर्ट्झ × ६० ÷ सिलिंडरची संख्या. फोर-स्ट्रोकमध्ये स्फोट निम्मे होतात, त्यामुळे उत्तराला दोनने गुणा.

फोन पाऊचमध्ये ठेवा, इंजिनापासून हातभर लांब धरा. इंजिन नीट चालत असतानाच एक रेकॉर्डिंग करून ठेवलंत तर पुढच्या वेळी तुलना करायला काहीतरी असेल.

मग मामाच्या इंजिनात काय निघालं?

उत्तर तिसऱ्या पायरीतच होतं. दम सोडताना फुगा चपटा होत होता. हवेचा स्क्रू उघडा, टाकीतली जाळी स्वच्छ. उरला पाइप. बाहेरून ठणठणीत. कापून बघितला तर आतला रबराचा थर सुटून मध्ये लोंबत होता. स्लोला पेट्रोल कमी लागतं, तेवढं जात होतं. जोरात ओढलं की सुटलेला थर मध्ये येऊन वाट बंद करायचा, थांबलं की परत जागेवर. जुन्या पाइपांचं रबर इथेनॉलने असं सुटू शकतं. इथेनॉलला टिकणारा नवीन पाइप आणि फुगा काही शे रुपयांत आला. कार्बोरेटरला हातही लावावा लागला नाही.

नवीन कार्बोरेटर बसवला असता तर दोष तसाच राहिला असता, आणि मामा ‘आता नवीन पार्ट आहे’ या भरवशावर लांब गेला असता. पैशांपेक्षा ही गोष्ट जास्त भीतीची आहे.

स्क्रीनशॉट काढून ठेवा, समुद्रात रेंज नसते

१. लक्षण लिहा.
२. क्लिप, हवेचा स्क्रू, पाइपची टोकं, पंखा.
३. बरणीत पेट्रोल.
४. फुगा: चपटा, मऊ की नेहमीसारखा?
५. प्लगचा रंग, नंबर, स्पार्क, अदलाबदल.
६. कॉम्प्रेशन.
७. चोकची तपासणी, मग कार्बोरेटर.
८. पाण्याची धार, प्रत्येक वेळी सुरू केल्यावर.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी किनाऱ्याजवळ, सोबत दुसरी होडी असताना आणि किमान अर्धा तास सलग मारा. पाच मिनिटांत नीट वाटलं म्हणून खात्री धरू नका. लाइफ जॅकेट, वल्ही आणि दोरासकट नांगर होडीत हवाच. पाण्यात असताना इंजिन बंद पडलं तर झाकण उघडण्याआधी नांगर टाका, नाहीतर तुम्ही प्लग काढत बसाल आणि होडी खडकावर जाईल. आणि कोस्ट गार्डचा १५५४ हा मोफत नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा.